तरुणांची गाणी आणि नभोवाणीची कळ

‘पोरे गाण्यांनी बिघडली’ ही तक्रार हल्ली गावोगाव ऐकू येते. वरातीपुढे डॉल्बीची भिंत उभी राहते आणि तिच्यातून पैशाची, दारूची, बंदुकीची गाणी निघतात. उसाचा ट्रॅक्टर कारखान्याकडे जातो, तोही असलेच काही वाजवीत जातो. घरात मुलगा जेवायला बसला तरी कानातला हेडफोन काढीत नाही. वडीलधारी माणसे म्हणतात, ही रॅप की हिप-हॉप म्हणतात ती गाणी सरकारने बंद केली पाहिजेत. मुले म्हणतात, गाणे ते गाणे; ते ऐकून कोणी बिघडत नाही आणि सुधारतही नाही.

हा वाद कामगारांच्या वस्तीत आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. आम्ही काही संगीताचे पंडित नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या भोंग्यावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु माणसे एकत्र आणणे हेच ज्यांचे काम, त्यांना माणसांच्या कानी काय पडते याचा विचार करावाच लागतो. तो विचार या व्याख्यानमालेच्या निमित्ताने आम्ही मांडीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. गाण्याच्या बोलांचा तरुण मनावर परिणाम होतो, यात शंका नाही. पण हा परिणाम मुख्यतः तेच बोल पुन्हा पुन्हा कानी पडण्यातून होतो. म्हणून गाणे कोणी लिहिले हा प्रश्न जेवढा महत्त्वाचा, तेवढाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की, ते वाजवण्याची कळ कोणाच्या हाती आहे?

गाण्याचे बळ

गाण्याने काही होत नाही, असे कुंडलच्या माणसाने तरी म्हणू नये. कुंडल हे पूर्वी औंध संस्थानातले गाव. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात जे प्रतिसरकार चालले, त्याचे हे एक मुख्य ठाणे होते. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, तुफान सेनेचे जवान, ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ लुटलेली सरकारी खजिन्याची गाडी, हे सारे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पण त्या काळात एक नवा विचार शेकडो खेड्यांत पोचला कसा, याचा विचार फारसा होत नाही.

नभोवाणी सरकारच्या हाती होती. वर्तमानपत्रांवर नजर होती. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी ऑगस्ट १९४२ मध्ये गुप्त काँग्रेस रेडिओ चालू केला, तो नोव्हेंबरात पोलिसांनी पकडला. इकडे खेड्यात तर रेडिओचा पेटीसुद्धा दुर्मिळ. मग लोकांची नभोवाणी कोणती? डफ आणि तुणतुणे! शाहीर निकमांसारखे शाहीर गावोगाव पोवाडे गात. सावकाराचा जुलूम, दारूबंदी, थोडक्या खर्चातले गांधी-विवाह, या गोष्टी भाषणात ऐकून माणूस विसरला असता. गाण्यात ऐकल्यावर तो त्या गुणगुणत शेतावर गेला. आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी, असे तेच बोल फिरत राहिले. प्रसारण म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

याच मुलुखातले वाटेगाव हे अण्णाभाऊ साठ्यांचे गाव. १९४४ साली त्यांनी शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह मुंबईत लाल बावटा कलापथक उभे केले. गिरणी कामगारांच्या चाळींपुढे त्यांचे कार्यक्रम होत आणि हजारो माणसे जमत. पुढे मुंबई सरकारने या पथकावर बंदी घातली. गाण्याने काही होत नसते, तर सरकारला बंदीचा कागद काढण्याची गरज काय होती?

परंतु जे बळ माणसाला उभे करू शकते, ते त्याला खड्ड्यातही घालू शकते. आफ्रिकेतील रवांडा देशात १९९३ साली आरटीएलएम नावाचे खासगी नभोवाणी केंद्र सुरू झाले. तरुणांना आवडतील अशी नाचती गाणी वाजवून त्याने श्रोते जमवले आणि त्या गाण्यांच्या मधल्या जागेत तुत्सी जमातीविरुद्ध विष ओतले. १९९४ च्या कत्तलीत लक्षावधी माणसे मेली. तेथील लोकप्रिय गायक सिमोन बिकिंडी यांच्यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला चालला आणि २००८ साली त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. त्यांची काही गाणी द्वेष भडकवणारी होती, असे न्यायालय म्हणाले. पण शिक्षा झाली ती गाडीवरच्या ध्वनिक्षेपकातून माणसे मारण्याची उघड चिथावणी दिली म्हणून. न्यायाधीशांनी गाणे आणि प्रत्यक्ष चिथावणी यांत केलेला हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

हिप-हॉप म्हणजे काय

आता ज्या गाण्यांविषयी एवढा गवगवा आहे, ती गाणी मुळात काय आहेत ते पाहू. न्यूयॉर्क शहरात ब्राँक्स नावाचा गरिबांचा भाग आहे. मोठा रस्ता काढण्यासाठी तेथील वस्त्या चिरल्या गेल्या होत्या, कारखाने उठून गेले होते, घरांना आगी लागत होत्या. तेथे ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका चाळवजा इमारतीत, जमैकाहून आलेल्या कुटुंबातला क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा तरुण आपल्या बहिणीने ठरवलेल्या मेजवानीत तबकड्या वाजवीत होता. लोक त्याला डीजे कूल हर्क म्हणत. गाण्यातला नुसत्या ढोलताशाचा तुकडा आला की पोरे नाचायला उठतात, हे त्याने हेरले होते. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा आलटून पालटून लांबवीत असे. त्या ठेक्यावर कोणीतरी ध्वनिक्षेपक घेऊन यमके जुळवीत बोलू लागले. हाच रॅप. वाद्य घ्यायला पैसे नाहीत, गळा शिकवायला गुरू नाही, अशा पोरांनी दुसऱ्याच्या तबकडीवर आणि स्वतःच्या जिभेवर उभी केलेली ही कला आहे.

आमच्या वाचकांना हे फार परके वाटू नये. पोवाड्यात काय असते? डफाचा एक ठेका, झिलकऱ्यांची साथ, आणि त्यावर शाहीर गातो कमी, सांगतो जास्त. भेदिक शाहिरीत कलगीवाले आणि तुरेवाले रात्ररात्र एकमेकांना सवाल टाकीत, जबाबात समोरच्याची फजिती करीत. ब्राँक्सच्या चौकात दोन पोरे समोरासमोर उभी राहून यमकांनी एकमेकांना पाणी पाजतात, तो याच जातीचा खेळ आहे. पठ्ठे बापूराव वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. त्यांच्या काळच्या सभ्य माणसांनी तमाशाविषयी जे उद्गार काढले, ते आजच्या डॉल्बीविरोधी भाषणांशी ताडून पाहावेत. शब्द फारसे बदललेले दिसणार नाहीत.

रॅपच्या बोलांत दोन धारा आहेत. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांचे ‘द मेसेज’ हे गाणे आले. त्यात फुटकी घरे, बेकारी आणि तुरुंगात संपणारे आयुष्य यांचे वर्णन आहे. ही पहिली धारा. दुसऱ्या धारेत गायक स्वतःची बढाई मारतो. माझ्याकडे किती पैसा, किती गाड्या, किती बंदुका आणि माझ्यामागे किती बाया, याची मोजदाद करतो. दोन्ही धारा एकाच वस्तीतून निघाल्या. तरुणांच्या कानी दुसरी अधिक का पडते, याचे उत्तर गाणाऱ्याच्या स्वभावात थोडे आणि बाजारात पुष्कळ सापडते.

बोलांचा परिणाम किती

या विषयावर शास्त्रज्ञांनी काम केले आहे. १९६८ साली रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांनी दाखवले की, एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती माणसाला अधिक आवडू लागते. तिची गुणवत्ता तीच असली तरी. ‘ऐकून ऐकून आवडायला लागले’ असे आपण म्हणतो, त्याला शास्त्राचा आधार आहे.

२००३ साली अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठातील क्रेग अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच प्रयोगांत पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांना गाणी ऐकवली. हिंसक बोलांची गाणी ऐकल्यानंतर त्या मुलांच्या मनात आक्रमक विचार आणि वैरभाव वाढलेला आढळला. तो फार काळ टिकतोच असे नाही, हेही त्यांनीच सांगितले. २००६ साली रँड या संशोधन संस्थेचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ ते १७ वर्षांच्या १,४६१ मुलामुलींना काही वर्षांच्या अंतराने प्रश्न विचारले होते. स्त्रीला नुसती उपभोगाची वस्तू ठरवणारे बोल ज्यांच्या कानी अधिक पडत, ती मुले लैंगिक व्यवहाराकडे लवकर वळलेली दिसली. पण शृंगाराचीच, तरी कोणाचा अपमान न करणारी जी गाणी होती, त्यांच्या बाबतीत असा संबंध दिसला नाही.

यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. शृंगार हा काही गुन्हा नव्हे. आमच्या लावणीने तो शतकानुशतके गायला आहे. अपाय आहे तो माणसाची किंमत कमी करणाऱ्या बोलांत. आणि दुसरे असे की, दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच, असे नाही. ज्याला घरी प्रेम नाही, हाताला काम नाही, तो मुलगा तसली गाणी शोधतही असेल. बेकार पोराच्या हातातले गाणे काढून घेतल्याने त्याला नोकरी मिळत नाही. तात्पर्य, गाणे हा बी आहे. जमीन कशी आहे आणि पेरा किती वेळा होतो, यावर पीक ठरते.

कळ कोणाच्या हाती

आता पेरा कोण करतो ते पाहू. आपल्या देशात हा प्रयोग एकदा मोठ्या प्रमाणावर झाला आहे आणि तो करणारे मंत्री मराठीच होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ पर्यंत केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांचे प्रेम. सिनेसंगीताने तरुणांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत. त्यांनी आकाशवाणीवर सिनेगीतांना कात्री लावली. चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून नावही सांगायचे नाही असे ठरले. निर्मात्यांशी बिनसले आणि सिनेगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली.

झाले काय? श्रोत्यांनी काटा फिरवला आणि सिलोन लावले. रेडिओ सिलोनची प्रक्षेपण यंत्रे महायुद्धाच्या वेळची, जबर ताकदीची. त्यांचा आवाज हिंदुस्थानभर येई. १९५२ च्या अखेरीस अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि घरोघर माणसे आठवड्याची वाट पाहू लागली. ती दंतमंजनाच्या कंपनीने चालवलेली होती. सरकारने बंद केलेली कळ जाहिरातदाराच्या हाती गेली, एवढाच त्या बंदीचा परिणाम. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारलाच विविध भारती काढावी लागली आणि दहा वर्षांनी तिच्यावर जाहिरातीही सुरू झाल्या.

केसकरांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या काळात अनेक थोर गवयांना नभोवाणीने आधार दिला, हे खरे आहे. परंतु तरुणाला न विचारता त्याची आवड सुधारायला जावे, तर तो दुसरे दार शोधतो, हा धडा कायमचा आहे.

१९६३ साली सांगलीला आकाशवाणी केंद्र आले. आमच्या पिढीचे कान त्या केंद्राने, विविध भारतीने आणि मुंबईच्या ‘कामगार सभे’ने घडवले. फर्माईश पाठवायची म्हणजे पंधरा पैशांचे का होईना, पोस्टकार्ड लिहावे लागे. गाणे आपणच निवडले असे तेव्हा वाटे. तरीही शेकडो पत्रांतून कोणते घ्यायचे हे केंद्रावरचा माणूस ठरवी. तो सरकारी नोकर होता, त्याला नियम होते, आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करायची तर पत्ता होता. ही शेवटची गोष्ट लहान समजू नये.

२००१ सालापासून देशात खासगी एफएम केंद्रे आली. खासगी नभोवाणीचा धंदा समजून घ्यावा. श्रोता पैसे देत नाही, म्हणजे तो गिऱ्हाईक नव्हे. पैसे जाहिरातदार देतो, म्हणजे गिऱ्हाईक तो. मग विकले काय जाते? ऐकणाऱ्याचे कान! गाणे हे त्या कानांना धरून ठेवण्याचे साधन. ज्या गाण्याने श्रोता काटा फिरवणार नाही तेच गाणे पुन्हा पुन्हा लागणार. विचार करायला लावणारे गाणे कदाचित काटा फिरवायला लावील, म्हणून ते मागे राहते.

अमेरिकेत ही गोष्ट किती थराला गेली पाहा. तबकडी वाजवावी म्हणून निवेदकाला गुपचूप पैसे चारण्याची पद्धत तेथे इतकी बोकाळली होती की, १९६० साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. तरी ती मेली नाही. २००५ साली न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी सोनी बीएमजी या ध्वनिमुद्रण कंपनीची चौकशी केली. केंद्रांच्या माणसांना सहली आणि भेटवस्तू दिल्या जात आणि श्रोते असल्याचे सोंग करून फर्माईश करणारी भाडोत्री माणसेही लावली जात, असे बाहेर आले. कंपनीला एक कोटी डॉलर भरावे लागले. म्हणजे फर्माईशसुद्धा कंत्राटी!

त्याआधी १९९६ साली तेथे नवा कायदा झाला. तोपर्यंत एका मालकाला देशभरात ४० हून अधिक नभोवाणी केंद्रे ठेवता येत नसत. ही मर्यादा उठली आणि क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे काही वर्षांत बाराशेच्या वर केंद्रे जमा झाली. पूर्वी प्रत्येक शहराचा निवेदक आपल्या गल्लीतल्या पोराची तबकडी लावू शके. आता यादी दूरच्या कचेरीतून येऊ लागली. हिप-हॉपच्या पहिल्या धारेला नभोवाणीवर जागा आकसत गेली, याचे हे एक मोठे कारण आहे. गिरणीचा मालक दूर गेला की कामगाराचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही, हे आम्ही जाणतो. गाण्याच्या धंद्यातही तेच झाले.

नभोवाणीनंतरची कळ

आजचा तरुण रेडिओ थोडा आणि मोबाईल फार ऐकतो. मग नभोवाणीची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. कारण कळ नाहीशी झालेली नाही. ती फक्त दिसेनाशी झाली आहे. मोबाईलवरचे यंत्र हिशेब ठेवते. मुलगा कोणत्या गाण्यावर थांबला, कोणते पुन्हा लावले, कोणते पाच सेकंदांत सोडले, यावरून त्याच्यासारखेच दुसरे गाणे त्याच्यापुढे येते. मुलाला वाटते, मी निवडले. एकदा बंदुकीच्या गाण्यावर थांबला की दिवसभर बंदुकाच येतात. फर्माईशीचे पत्र न लिहिता फर्माईश पुरी होते, आणि तक्रार करायला पत्ता नाही.

याच मोबाईलने एक चांगली गोष्टही केली. मुंबईच्या अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी या तरुणांचे ‘मेरे गली में’ हे गाणे २०१५ साली आले आणि झोपडपट्टीतल्या पोरांना आपली बोली गाण्यात चालते हे कळले. २०१९ साली त्यांच्या आयुष्यावर बेतलेला ‘गली बॉय’ चित्रपट निघाला. ‘स्वदेसी’ या गटात मराठीत रॅप करणारा एमसी मवाली आहे. आरे वसाहतीतल्या आदिवासींचा जंगलासाठीचा लढा त्या गटाने २०१९ साली, आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन, गाण्यात मांडला. ही पहिली धारा महाराष्ट्रात जिवंत आहे, ती अशी.

तिची वाट मात्र सोपी नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगसे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर, सत्ताधाऱ्यांवर टीका करणाऱ्या गाण्यांवरून पोलिसांत गुन्हे दाखल झाले. त्याआधी, नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस, केंद्र सरकारने एफएम केंद्रांना दारू, अमली पदार्थ, शस्त्रे आणि गुंडगिरी यांचा गौरव करणारी गाणी लावू नका, अशी सूचना दिली होती. त्या सूचनेमागचा हेतू आम्हाला समजतो. पण बंदूक मिरवणाऱ्या गाण्याला सूचना आणि प्रश्न विचारणाऱ्या गाण्याला पोलीस ठाणे, असे चित्र तरुणापुढे उभे राहिले, तर तो कोणता धडा घेईल? रवांडाच्या खटल्यातला फरक इथे उपयोगी पडतो. प्रत्यक्ष माणसे मारायला सांगणे निराळे आणि राज्यकर्त्याला टोचेल असे गाणे निराळे. दोहोंना एकच काठी लावणारा समाज स्वतःचे कान बंद करून घेतो.

करावे काय

आमच्या संघटनेच्या सभेत हल्ली पांढरी डोकी जास्त दिसतात. आजूबाजूच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारी बहुसंख्य पोरे कंत्राटी आहेत; बारा-बारा तास राबतात आणि सुटल्यावर कानात गाणी घालून मोटारसायकलवर निघून जातात. एका कारखान्याच्या फाटकासमोर गेट मीटिंग चालू होती. भाषणे झाली, पोरे मोबाईल पाहत उभी होती. तेवढ्यात त्यांच्यातलाच एक जण पुढे आला आणि हजेरी किती तासांची, पगार किती तासांचा, कापलेला प्रॉव्हिडंट फंड कुठे गेला, हे त्याने ठेका धरून यमकात म्हणून दाखवले. सगळी मान वर करून ऐकू लागली. संध्याकाळपर्यंत ते शेकडो मोबाईलवर फिरले. दोन दिवसांनी कंत्राटदाराने त्या मुलाला कामावर येऊ नको म्हणून सांगितले. त्याला परत घ्यायला संघटनेला दीड महिना झगडावे लागले. त्या दीड महिन्यात आमच्याकडे जेवढी तरुण मुले आली, तेवढी आधीच्या दोन वर्षांत आली नव्हती.

गाण्याचे बळ काय, त्याची किंमत काय आणि ती चुकवताना पाठीशी कोण उभे राहते, हे तिन्ही प्रश्न या एका गोष्टीत आहेत. म्हणून आमच्या सूचना अशा.

पहिली, घरातल्यांसाठी. मुलाला गाणे बंद कर म्हणण्याआधी एक गाणे त्याच्याबरोबर बसून ऐकावे आणि त्यालाच अर्थ विचारावा. हे कोण बोलतो, कोणाविषयी बोलतो, आणि हे वाजल्याने पैसे कोणाला मिळतात? मुलगी घरात असेल तर तिलाही विचारावे की, हे बोल तुझ्याविषयी कोणी म्हटले तर चालतील का? मुले आपण समजतो त्यापेक्षा शहाणी असतात. त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

दुसरी, मंडळांसाठी. डॉल्बीचा आवाज किती असावा, हा कायद्याचा प्रश्न आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. बोल कोणते असावेत हा मात्र आपला प्रश्न आहे. वर्गणी गावाची, तर गाण्यांची यादी डॉल्बीवाल्याची का? मंडळाच्या बैठकीत, मुलींसह सगळ्यांसमोर, यादी ठरवावी. कळ गावाच्या हाती घेण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

तिसरी, संस्थांसाठी. २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांना छोटी सामुदायिक नभोवाणी केंद्रे चालवण्याची मुभा मिळाली. आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या जालिहाळ येथे ‘येरळवाणी’ आहे. माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून ‘माणदेशी तरंग’ आहे. अशा केंद्रावर गावातली बाई, शेतकरी, विद्यार्थी स्वतः बोलतो. या केंद्रांनी, आणि सांगली आकाशवाणीनेही, आठवड्यातला एक तास तरुणांच्या स्वतःच्या रचनांना द्यावा. दारू आणि बंदूक यांचीच गाणी येतील, अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी एकदा पोरांच्या वह्या उघडून पाहाव्यात. तिथे उसाची बिले आहेत, न जमलेली लग्ने आहेत, भरतीत हुकलेला अर्धा सेंटिमीटर आहे, पुण्याच्या खोलीचे भाडे आहे.

चौथी आणि शेवटची, या व्याख्यानमालेसाठी. दरवर्षी विद्वान वक्ते येतात, आपण ऐकतो, टाळ्या वाजवतो. पुढच्या वसंतात एक संध्याकाळ राखून ठेवावी. एका बाजूला डफावरचा शाहीर, दुसऱ्या बाजूला ठेक्यावर रॅप म्हणणारी मुले, आणि दोघांमध्ये सवाल-जबाब. कंत्राटी कामगार रात्रपाळीला जाण्याआधी येऊ शकतील अशी वेळ ठेवावी. ज्या गावाच्या शाहिरांनी नभोवाणीवाचून प्रतिसरकारचा विचार घरोघर नेला, त्या गावाला एका संध्याकाळीचा ध्वनिक्षेपक आपल्या पोरांच्या हाती देणे अवघड नाही. त्यासाठी लागणारी वर्गणी जमवण्याचे काम आमची संघटना करील.